जुनी लोहारभट्टी पुन्हा पेटली

आर्वीच्या एका भंगारवाल्याकडे तीन पायांची बिडाची जुनी लोहारभट्टी दिसली, हातानं फिरवायचा पंखा लागलेला, बाराशेत घेतली. पंखा जाम होता, जोर लावला असता तर गिअरचे दातेच गेले असते, म्हणून घासलेट टाकून दोन दिवस तसाच ठेवला, मग खोलला तं आतलं ग्रीस दगडावानी झालेलं. खरडून काढलं, ऑइल टाकलं, आता मस्त फिरते.

मेन काम परातीचं, म्हणजे भट्टीत कोळसा पेटवायच्या बिडाच्या ताटाचं. उघडं बीड एकाच जागी तापलं का तडकते, म्हणून वारुळाची माती, राख अन् गव्हांडा मळून इंचभर लिंपलं, चार दिवस सावलीत वाळवलं. विझवताना पाणी मारायचं नाही बिलकूल.

काल बाभळीच्या कोळशावर वखराची पास (खालचं लोखंडी पातं) पाजवली, बाबा पंखा फिरवत होते.