महायुद्धात इंग्लंडला राहिलेले पणजोबा कसे शोधायचे

कोकणातले बरेच खलाशी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बोटींवर होते, त्यातले काही तिकडेच राहिले. तुमचे पणजोबा त्यातले असतील तर आधी घरातली जुनी पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या काढा, बोटीचं नाव मिळालं तर अर्धं काम झालं. मग १९३९ चं रजिस्टर बघा, २९ सप्टेंबरला इंग्लंड-वेल्समधल्या लोकांची नोंद झाली होती, जन्मतारीख, धंदा सगळं आहे, पण बोटीवर असलेला माणूस त्यात सापडेलच असं नाही. खलाशांची कागदपत्रं लंडनच्या क्यू (Kew) भागातल्या नॅशनल अर्काइव्ह्जमधे, म्हणजे सरकारी जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात शोधा. नावाचं स्पेलिंग कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं म्हणून चार-पाच प्रकारे टाकून बघाच, खरंच कंटाळा करू नका. लग्न तिकडे केलं असेल तर दाखल्यावर बहुतेक वडिलांचं नाव मिळतं, ते घरच्या वंशावळीशी जुळवायचं.