डासांच्या अळ्यांची पाहणी कशी करावी

नोकरीभर मुंबईतल्या गच्च्यांवर चढलो, म्हणून सांगतो: डास पकडत बसू नका, अळ्या शोधा. उडणारा डास कुठून आला ते कळत नाही. अळी जागेवर सापडते.

साहित्य फार नाही. लांब दांड्याचा पांढरा डाव, टॉर्च, वही. टाकीचं झाकण सावकाश उघडा, पाण्यावर सावली पडू देऊ नका. जरा हादरा बसला की अळ्या तळाला जातात. डाव तिरका धरून कडेचं पाणी घ्या आणि थोडं थांबा.

पाण्यावर आडवी, समांतर पडलेली अळी ॲनोफिलीसची, मलेरियावाली. मुंबईत ती टाक्यांत आणि विहिरींत. डोकं खाली करून लटकणारी, आखूड श्वासनळीची, ती एडिसची, डेंग्यूवाली. तिला मनी प्लांटची बाटली, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशीही पुरते. लोक उगाच गटारात डोकावतात. तिथे बहुतेक क्युलेक्स, ही तिसरी जात, डेंग्यू-मलेरियावाली नव्हे.

वहीत किती घरं, पाणी असलेली किती भांडी आणि अळ्या असलेली किती, हे लिहा. १०० घरांमागे अळ्यांची भांडी किती, तो ब्रेटो निर्देशांक.

फेरी दर आठवड्याला. उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला ८-१० दिवस पुरतात. भांडं नुसतं ओतू नका, कडा घासा; एडिसची अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तगतात. बंद फ्लॅटच्या किल्ल्या वॉचमनकडून आधीच मागवून ठेवा, तिथल्या भरून ठेवलेल्या बादल्या सगळ्यांत वाईट.