एअर रायफलसाठी पेलेटचा लॉट कसा निवडावा

१० मीटर एअर रायफल शिकायला लागलेली मुलं जॅकेट, ग्लव्ह, नेम धरायची साइट यांची खूप चौकशी करतात. पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, मात्र दुकानात जी मिळेल ती घेतात. वरळीच्या रेंजवर असो की शिवाजी पार्कच्या सावरकर स्मारकात, हे चित्र सगळीकडे दिसतं आणि मला ते मनापासून खटकतं. कारण नळीतून बाहेर पडून लक्ष्याच्या कार्डापर्यंत जातो तो पेलेट. तो दर वेळी सारखा वागला नाही, तर होल्ड, म्हणजे रायफल स्थिर धरणं, कितीही चांगला असू दे, त्याचा हिशेब लागत नाही.

पूर्वी यात थोडं खपून जायचं. पात्रता फेरीत १० म्हणजे १० असे पूर्ण गुण मोजले जायचे. आपल्या नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० केले ते याच पद्धतीत. २०१३ पासून पात्रता फेरीतही दशांश गुण आले. आता साठच्या साठ शॉट दहात गेले तरी बेरीज ६०० होऊ शकते किंवा ६५४ होऊ शकते. दशांशाची प्रत्येक पायरी फक्त पाव मिलिमीटरची असते. म्हणजे पेलेटमुळे शॉट एक मिलिमीटर बाहेर सरकला की चार दशांश गेले.

आधी डबीवरचं वाचा

डबीवर तीन गोष्टी बघायच्या: वजन, हेडचा म्हणजे पुढच्या टोकाचा व्यास आणि लॉट नंबर (लॉट म्हणजे एकाच वेळी बनलेली खेप). रायफलचे मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचे असतात, पिस्तुलाचे त्याहून थोडे हलके. हेडचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर असा छापलेला असतो. हेड नळीच्या आतल्या खाचांमधल्या उंचवट्यांवर टेकतं आणि मागचा पोकळ घेर, म्हणजे स्कर्ट, हवेच्या दाबाने फुलून नळी बंद करतो. त्यामुळे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरकही नळीला कळतो.

लॉट नंबरकडे बहुतेकांचं लक्ष नसतं, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. तीच कंपनी, तेच नाव, तोच हेड साइज, पण लॉट वेगळा असेल तर तो तुमच्यासाठी वेगळा पेलेट समजा. साचा झिजतो, बदलला जातो, शिशाची खेप बदलते. मित्राच्या रायफलला जो लॉट सुंदर लागतो तो तुमच्या रायफलला लागेलच असं नाही. म्हणून सुरुवातीला एकाच लॉटचा मोठा साठा करू नका. तीन-चार वेगवेगळ्या लॉटची एकेक डबी घ्या आणि डबीच्या झाकणावर मार्करने अ, ब, क लिहून टाका.

डोळ्यांनी तपासणी

प्रत्येक डबीतले ५० पेलेट पांढऱ्या कागदावर काढा. खिडकीजवळ बसा, म्हणजे उजेड आडवा पडेल. सोनार वापरतात तसं छोटं भिंग असेल तर उत्तम. हेडवर ओरखडा आहे का, स्कर्टची कड दबली आहे का, आत शिशाचा कण अडकला आहे का, ते बघा. चांगल्या मॅच पेलेटमध्ये असे दोष क्वचित सापडतात. पन्नासात पाच-सहा दबलेले निघाले तर डबी वाटेत आपटली असण्याचीच शक्यता जास्त.

एक जुनी युक्ती अजूनही उपयोगी आहे. काचेचा तुकडा किंचित उतरता ठेवा आणि त्यावरून एकेक पेलेट सोडा. हेड आणि स्कर्टचे व्यास वेगळे असल्यामुळे पेलेट सरळ न जाता वळत जातो. एका लॉटचे सगळे पेलेट साधारण एकाच वळणाने खाली यायला हवेत. जो लंगडतो किंवा भलतीकडेच वळतो त्याचा स्कर्ट बिघडलेला असतो. डोळ्याला न दिसलेला चेपा इथे लगेच उघडा पडतो.

वजन करा, पण त्यात अडकू नका

वजनासाठी मिलिग्रॅम दाखवणारा, म्हणजे ०.००१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो. झवेरी बाजारात तो सहज मिळतो. ०.०१ ग्रॅमचा काटा इथे कामाचा नाही, कारण त्याची एक पायरीच पेलेटच्या वजनाच्या जवळपास दोन टक्के आहे. पंखा आणि एसी बंद ठेवा. रेल्वेलाइनला लागून घर असेल तर गाडी जाईपर्यंत थांबा, कारण टेबल थरथरलं की आकडा हलतो. पेलेट प्लॅस्टिकच्या चिमट्याने उचला. शिसं मऊ असतं, धातूच्या चिमट्याचा वळ उठतो. दर दहा पेलेटनंतर काट्याबरोबर आलेलं वजन ठेवून आकडा सरकला नाही ना हे तपासा.

सगळे आकडे वहीत उतरवा आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त वजनाला खूण करा. समजा एका लॉटमध्ये ०.५२८ ते ०.५३४ ग्रॅम इतका फरक आला. हा फरक सुमारे एक टक्का झाला. मॅच रायफलचा पेलेट साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो आणि १० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. एक टक्का जड पेलेट सुमारे अर्धा टक्का मंद जातो आणि त्यामुळे एक टक्का जास्त पडतो. ढोबळ हिशेबाने हे ०.१७ मिलिमीटर होतं. दशांशाच्या एका पायरीपेक्षाही कमी.

म्हणून रात्री बसून हजार पेलेट वजनाने वेगळे करण्याला माझ्या मते अर्थ नाही. वजनाचा उपयोग वाईट लॉट वगळण्यापुरता. तीन-चार टक्क्यांचा फरक दिसला तर तो लॉट बाजूला ठेवा. बाकीच्यांचा निकाल नळीच लावते.

नळीची परीक्षा

हे काम रेंजवरच करायचं. सोसायटीच्या गच्चीत किंवा गॅलरीत अजिबात नाही. रेंजवर किंवा रायफल दुरुस्त करणाऱ्याकडे रायफल घट्ट पकडणारा व्हाइस असेल तर त्यात रायफल लावून घ्या. नसेल तर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून कोचला किंवा हात स्थिर असलेल्या सीनियर नेमबाजाला शॉट मारायची विनंती करा. स्वतः उभ्याने मारून लॉट ठरवू नका, कारण त्यात पेलेटपेक्षा तुमचाच थरथराट जास्त मोजला जातो.

रायफलचा हवेचा सिलिंडर भरलेला असू दे आणि चाचणीभर दाब साधारण त्याच टप्प्यात ठेवा. लॉट बदलला की आधी १५-२० शॉट नुसते सोडून द्या. नळीत आधीच्या पेलेटच्या शिशाचा पातळ थर असतो; नवा थर बसल्याशिवाय ग्रुप, म्हणजे कार्डावरच्या भोकांचा पुंजका, खरा येत नाही. नळी नुकतीच साफ केली असेल तर शॉट आणखी वाढवा.

मग प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉटचे किमान चार ग्रुप घ्या. पहिल्या फेरीत अ, ब, क, दुसऱ्या फेरीत क, ब, अ, असं उलटसुलट करा, म्हणजे उकाडा किंवा थकवा एकाच लॉटच्या वाट्याला येणार नाही. डबीवरचं अक्षर शॉट मारणाऱ्याला दिसू देऊ नका. महाग डबी हातात आहे हे कळलं की माणूस नकळत जास्त काळजीने ट्रिगर दाबतो.

पाच शॉटचा एकच देखणा ग्रुप बघून भुलणारे खूप भेटतात. पाचात योगायोगाला भरपूर जागा असते. चाळीस शॉटमध्ये लॉटचा स्वभाव दिसायला लागतो.

मोजताना स्पर्धेचंच कार्ड वापरा. साध्या कागदाला भोक फाटतं आणि कड नीट सापडत नाही. ग्रुपमधल्या सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर व्हर्नियरने मोजा आणि त्यातून एका भोकाचा व्यास वजा करा. इथे ४.५ मिलिमीटर धरू नका. कागद शॉटनंतर किंचित मिटतो, त्यामुळे त्याच कार्डावर वेगळा मारलेला एक शॉट मोजून तो आकडा वजा करायचा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटचं स्थान प्रिंटवर मिळतं. मग ग्रुपच्या मध्यापासून प्रत्येक शॉटचं अंतर काढून सरासरी घ्या. एखाद्या चुकार शॉटमुळे ती फारशी बिघडत नाही, म्हणून मला ही पद्धत जास्त पटते.

लॉट बदलल्यावर ग्रुप वर-खाली किंवा बाजूला सरकेल. तो दोष नाही. साइटचे दोन-चार क्लिक फिरवले की काम झालं. बघायचा तो पसारा.

निवड

प्रत्येक लॉटच्या चार आकड्यांची ओळ एकाखाली एक लिहा. एका लॉटचा सर्वांत वाईट ग्रुपही दुसऱ्याच्या सर्वांत चांगल्या ग्रुपपेक्षा लहान असेल तर प्रश्नच मिटला. आकडे एकमेकांत मिसळले असतील तर त्या दोन लॉटचे आणखी चार-चार ग्रुप घ्या. तरीही मिसळलेले राहिले तर तुमच्या नळीला दोन्ही सारखेच आहेत. जो स्वस्त मिळतो किंवा जास्त डब्या शिल्लक आहेत तो घ्या.

निवडलेल्या लॉटच्या डब्या लगेच घेऊन ठेवा, तो नंबर नंतर पुन्हा मिळेलच असं नाही. स्पर्धेचे ६० शॉट, त्याआधीचे सायटर (गुणांत न धरले जाणारे सरावाचे शॉट) आणि स्पर्धेआधीच्या दोन-तीन आठवड्यांचा सराव एवढं वर्षभराच्या स्पर्धांसाठी धरा. रोजच्या सरावाला त्याच हेड साइजचा स्वस्त पेलेट चालतो.

मुंबईच्या पावसाळ्यात साठवण सांभाळावी लागते. दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते. असा पेलेट नळीत घालू नका आणि फुंकरही मारू नका, कारण ती भुकटी विषारी असते. डब्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी. हा डबा पुन्हा स्वयंपाकघरात वापरायचा नाही. पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय रेंजबाहेरचा वडापावही तोंडात घालू नका. वही जपून ठेवा आणि नळी बदलली किंवा रायफलची सर्व्हिसिंग झाली की उरलेल्या डब्यांचे दोन-दोन ग्रुप पुन्हा घेऊन जुन्या आकड्यांशी ताडून बघा.