मृत्युपत्रातून गावातल्या हॉस्पिटलला देणगी ठेवायची असेल तर

माझ्या मामा-मामींना मूलबाळ नाही. मामांचं डायलिसिस तालुक्याच्या ट्रस्ट हॉस्पिटलात चालतं, आणि आमच्या पश्चात जे काही उरेल ते तिथल्या पेशंटसाठी जाऊ दे असं दोघं कित्येक दिवस बोलत होते. पण नुसतं बोलून ठेवलं तर हॉस्पिटलला एक रुपया मिळत नाही, सगळं वारसांकडे जातं. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली तर तिची स्वतःच्या कमाईची पुंजीसुद्धा हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या वारसांकडे जाते. मामीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, मग आता थांबायचं कशाला. त्या धावपळीत जे समजलं ते लिहितोय, कारण अशी इच्छा असलेली बरीच जोडपी आहेत आणि ती कागदावर येतच नाही.

आधी हॉस्पिटलचं खरं नाव शोधा. मामीने औषधांच्या पिशवीतून जुन्या पावत्या काढल्या, तर वर बारीक अक्षरात ट्रस्टचं नाव होतं आणि ते बोर्डावरच्या नावाशी जुळतच नव्हतं. मृत्युपत्रात ट्रस्टचं नाव हवं, सोबत धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, पॅन आणि पत्ता. सरकारी रुग्णालयाला द्यायचं असेल तर तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांना भेटून रुग्ण कल्याण समितीबद्दल, म्हणजे अशा देणग्या सांभाळणाऱ्या समितीबद्दल, विचारा.

मग त्यांना खरंच काय लागतं ते विचारा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मामांच्या मनात डायलिसिसचं मशीन द्यायचं होतं, पण तिथल्या सिस्टर म्हणाल्या मशीन कोणीतरी देतंच हो काका, डायलायझर म्हणजे रक्त गाळायचा फिल्टर, टेक्निशियनचा पगार आणि ज्यांना बिल झेपत नाही त्यांचे पैसे, हे दर महिन्याला कुठून आणायचं. शिवाय तुम्ही जाल तेव्हा, कदाचित वीस वर्षांनी, ते मशीन बाजारात असेल का हेही माहीत नाही. म्हणून अट सैल ठेवा. आम्ही असं लिहिलं: डायलिसिसच्या गरीब रुग्णांना प्राधान्य, ते शक्य नसेल तर ट्रस्टींना योग्य वाटेल त्या गरीब रुग्णांचे उपचार, आणि हॉस्पिटलच बंद झालेलं असेल तर तालुक्यातलं दुसरं धर्मादाय रुग्णालय. जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि त्यांच्या पत्नी मेहरबाई यांनाही मूल नव्हतं. १९३१ मध्ये मेहरबाई ल्युकेमियाने गेल्या, १९३२ मध्ये दोराबजींनी आपली संपत्ती ट्रस्टला देऊन टाकली, ती एखाद्या ठराविक इमारतीत अडकवली नाही, आणि त्याच ट्रस्टने १९४१ साली परळला टाटा मेमोरियल हे कॅन्सर हॉस्पिटल उभं केलं.

मृत्युपत्रं दोन करा, नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं. एकाच कागदावर दोघांचं केलं की एक जण गेल्यावर दुसऱ्याला बदल करताना वाद निघू शकतात. मामांच्या कागदात आहे की मी गेलो तर सगळं पत्नीला, ती आधी गेलेली असेल तर हॉस्पिटलला, आणि मामीच्या कागदात हेच उलट. यात मागे राहिलेला माणूस उद्या मन बदलू शकतो हे खरं, पण म्हातारपणी औषधपाण्याला पैसे मोकळे असणंही तितकंच गरजेचं आहे, त्यामुळे एकमेकांवर विश्वास ठेवायलाच लागतो.

ठराविक रक्कम लिहू नका, टक्के लिहा. आजारपणात एफडी मोडल्या आणि मृत्युपत्रात हॉस्पिटलला दहा लाख हा आकडा तसाच राहिला तर बाकीच्यांना द्यायला काही उरत नाही. भाच्यांना थोडं ठेवायचं असेल तर तेही टक्क्यांतच.

फ्लॅट असेल तर हे नीट वाचा. फ्लॅट थेट ट्रस्टच्या नावे केला तर पुढे विकताना ट्रस्टला सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, तोपर्यंत मेंटेनन्स चढत राहतो. त्यापेक्षा एक्झिक्युटरने, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला तुम्ही नेमलेल्या माणसाने, फ्लॅट विकून पैसे हॉस्पिटलला द्यावेत असं लिहा. एक्झिक्युटर तुमच्यापेक्षा तरुण असावा, आणि त्याला आधी विचारा. शेतजमीन असेल तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका, कूळकायद्यात बिगरशेतकऱ्याला जमीन देण्यावर बंधनं आहेत. आणि बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे ताब्यात घेतो, वाटणी मृत्युपत्राप्रमाणेच होते.

सही दोन साक्षीदारांसमोर करायची, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. मृत्युपत्राला स्टँप ड्युटी नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या. दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात मामीचा अंगठा मशीनवर उमटेना, आयुष्यभर भांडी घासून रेषाच गेल्यात. ऑपरेटरने ओल्या रुमालाने बोटं पुसायला लावली, पाचव्यांदा उमटला तेव्हा तिचे डोळे भरले होते. मामांचं वय आणि आजार बघून आम्ही त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेटही जोडलं, ते शुद्धीवर आहेत आणि समजून सही करतायत असं.

भाच्यांना आधीच सांगून टाका, मी स्वतः त्यातलाच एक आहे. मामांनी आम्हा तिघांना बसवून सगळं वाचून दाखवलं, थोरल्याला पाच मिनिटं लागली, मग तोच एक्झिक्युटर व्हायला तयार झाला. ओरिजिनल कपाटात आहे, एक झेरॉक्स त्याच्याकडे आणि एक हॉस्पिटलच्या सेक्रेटरींकडे. पुढे बदल करायचा झाला तर जुन्यावर खाडाखोड करू नका, नवीन करा, तारीख घाला आणि आधीचं रद्द असं त्यात स्पष्ट लिहा, मग जुन्या झेरॉक्स परत मागून घ्या.