आल्याचा चहा नासत होता, आता नासत नाही

पावसाळा लागला की ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईतून मी कोवळं आलं आणते. यंदा त्याच आल्याचा चहा आठवड्यातून तीनदा तरी नासला. दूध घालून मिनिटभर होत नाही तोच कडेला पांढऱ्या कण्या आणि मधे तांबूस पाणी. सासूबाई चहाची वाट बघत बसायच्या, आणि मला गाळणीतला चोथा बघून रडू यायचं.

दूध बदललं, पातेलं बदललं, साखर शेवटी घालून पाहिली. काही फरक नाही. मग तेच दूध नुसतं उकळून पाहिलं, ते अगदी नीट राहिलं. ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातलं प्रथिन तोडतं; चांगली उकळी मिळाली की निकामी होतं. मी दूध ओतून वर आलं किसत होते, तिथेच चुकत होतं.

आता दोन कपांसाठी सव्वा कप गार पाण्यातच इंचभर आलं ठेचून टाकते. खळखळ उकळी आल्यावर घड्याळ बघून ३ मिनिटं. गवती चहा असेल तर तोही तेव्हाच. मग साखर, दोन चमचे पावडर, आणखी १ मिनिट. त्यानंतरच एक कप तापवलेलं दूध, गॅस मंद न करता. एकदा वर आला की बंद करून २ मिनिटं झाकायचा, मग गाळायचा.

तीन आठवडे झाले, एकदाही नासला नाही.