आईच्या भाषेत 'औषध', माझ्या भाषेत पोर-ओव्हर

बेळगावात आमच्या शहापुरातल्या घरात कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ. पोर-ओव्हर, म्हणजे गाळणीत फिल्टरचा कागद लावून, त्यात पूड घालून, वरून गरम पाणी ओतत गाळलेली काळी कॉफी बघून आई म्हणाली, "हे कसलं औषध काढलंस गं?"

पूड चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची भुकटी) नसलेली मागा, चिक्कमगळूरची उत्तम. पहिल्यांदा मी चिकोरीवाली आणली, तर गाळणीत नुसता चिखल, पाणी खाली उतरेचना. दळण बारीक रव्यापेक्षा किंचित जाड हवं.

कागद आधी गरम पाण्यानं धुवा, नाहीतर कॉफीला पुठ्ठ्याचा वास येतो. १५ ग्रॅम पुडीला २४० मिली पाणी. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या थोडं आधीच उकळतं. निववत बसू नका, उकळी थांबली की लगेच ओता.

आधी फक्त ३० मिली, गोल फिरवत. पूड पुरीसारखी टम्म फुगते, बुडबुडे फुटतात. भाजताना अडकलेला कार्बन डायऑक्साइड सुटत असतो. नाही फुगली तर पूड शिळी समजा. ४० सेकंदांनी उरलेलं पाणी बारीक धारेनं, दोन-तीनदा थांबत. सगळं साधारण ३ मिनिटांत उतरावं. लवकर उतरून आंबट लागली तर पुढच्या वेळी बारीक दळा, रेंगाळून कडू झाली तर जाड.

साखर नको. बशीत कुंद्याचा, आपल्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा, तुकडा ठेवा. आई हल्ली तेवढ्यासाठीच शेजारी येऊन बसते.