राणीछाप रुपयात चांदी किती?

आजी गेल्यावर तिच्या पितळी डब्यात इंग्रजांच्या काळातले, राणीछाप आणि राजाछाप, असे तेवीस रुपये निघाले. काही तिच्या सासूचे, काही तिनं विड्या वळून जमवलेले. सोलापुरातल्याच एका सराफानं सगळे एकदम काट्यावर टाकले आणि म्हणाला, "निम्मी चांदी धरतो." मी डबा उचलला आणि घरी आले.

काट्याच्या आधी साल बघा. सगळा हिशोब तिथंच आहे. आकडा झिजला असेल तर खिडकीशी तिरक्या उजेडात धरा, पण चिंच लावून घासू नका. जुनी नाणी जमवणारे घासलेल्या नाण्याला हात लावत नाहीत. १९३९पर्यंतच्या रुपयात शंभर भागांत ९१.७ भाग चांदी. १९४० ते १९४५चे रुपये महायुद्धातले, त्यांत बरोबर निम्मी. १९४७चे निकेलचे, चुंबकाला चिकटतात. ते बाजूला काढा. राजाचा मुखवटा दिसला म्हणून चांदी कमी, असं मुळीच नाही. १९१८चा राजाछापही राणीछापाइतकाच कसाचा.

मग दोन ढीग वेगवेगळे तोला. कोरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे तेव्हाचा अख्खा एक तोळा. आज तोळा म्हटलं की दहा ग्रॅम धरतात, म्हणून "तेवीस रुपये म्हणजे तेवीस तोळे" या बोलीवर व्यवहार करू नका. ग्रॅमवरच बोला. माळेसाठी कडी डाखलेली असेल तर ती काढून तोला, डाखाचं वजन चांदीत धरायचं नाही.

आमचे जुने चौदा भरले १६१ ग्रॅम. त्याला ०.९१७नं गुणलं, १४७.६ आले. युद्धातले सात ८१ ग्रॅम, त्याचे निम्मे ४०.५. दोन निकेलचे. एकूण शुद्ध चांदी १८८ ग्रॅम. सराफाच्या निम्म्याच्या हिशोबानं याच एकवीस रुपयांत १२१च होत होती. सदुसष्ट ग्रॅम आजीचे कष्ट आहेत हो! त्या दिवशीच्या एका ग्रॅमच्या भावानं गुणलं की किंमत आली. आटणीची घट किती टक्के कापणार, हे नाणी हातातून सोडण्याआधीच विचारून घ्या.

गांधीजींचा दहा रुपयांचा, १८६९-१९४८ लिहिलेला शिक्का निघाला तर तो १५ ग्रॅमचा, त्यात १२ ग्रॅम चांदी.

आणि १९११ किंवा १९३९चा रुपया असेल तर आटवायला देऊच नका. आधी नाणी जमवणाऱ्या जाणकाराला दाखवा.